ऑडिटर गेला, पण का गेला?

एखाद्या कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिल्याची चार ओळींची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असते. आपले कामगार बांधव ती वाचत नाहीत. मालकलोकांचा विषय, आपल्याला काय त्याचे, असे म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. ज्या हिशेबांतून आपला पगार, बोनस, ग्रॅच्युइटी निघते, ते तपासणारा माणूस मध्येच उठून गेला तर चौकशी करायला नको काय?

कायदा ऑडिटरला गुपचूप जाऊ देत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४० प्रमाणे त्याने ३० दिवसांच्या आत एडीटी-३ हा फॉर्म कंपनीला व कंपनी निबंधकाला द्यावा लागतो आणि त्यात राजीनाम्याची कारणे लिहावी लागतात. न दिल्यास ५० हजार रुपये किंवा त्याची फी, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड. पुढे दररोज ५०० रुपये, जास्तीत जास्त २ लाख. बड्या फर्मला हा दंड म्हणजे चहापाण्याचा खर्च, असे आमचे मत आहे.

रिकामी जागा संचालक मंडळाने ३० दिवसांत भरायची असते. परंतु जागा राजीनाम्यामुळे रिकामी झाली असेल, तर तीन महिन्यांत भागधारकांच्या सभेची मंजुरीही लागते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सेबीने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणखी बांधून घातले. वर्षाच्या पहिल्या तीन तिमाह्यांच्या अहवालांवर सही केलेल्या ऑडिटरला आता वर्षाचा अहवाल दिल्याशिवाय जाता येत नाही.

बायजूजचे उदाहरण घ्या. मुलांच्या शिकवणीसाठी कित्येक आईबापांनी या कंपनीचे हप्ते भरले. २२ जून २०२३ रोजी डेलॉइट या फर्मने तिचे ऑडिटरपद सोडले. कारण लेखी दिले होते : मार्च २०२२ अखेरच्या वर्षाची हिशेब तपासणी सुरूच करता आलेली नाही. म्हणजे सव्वा वर्ष उलटून गेले होते! जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

निबंधकाकडे दाखल झालेले कागद ठराविक शुल्क भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. युनियनच्या चिटणीसांनी एवढे करावेच. फॉर्मवर नुसते ‘कामाचा व्याप’ असे लिहिलेले आढळले, तर व्यवस्थापनाला लेखी प्रश्न विचारावा आणि पोच घ्यावी. पतसंस्थांना मात्र हा कायदा लागू नाही. त्या सहकार कायद्याखाली येतात.