विश्लेषण : ‘मला घरी जायचे आहे’ हे मंडळापुढे कोणी सांगायचे?

रुग्णालयात दाखल असलेल्या मनोरुग्णाविषयी डॉक्टर बोलतात, नातेवाईक बोलतात. त्याला स्वतःला मात्र क्वचितच विचारले जाते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हे चित्र बदलू शकतो.

दाद कोठे मागायची?
मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. या मंडळात न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी आणि डॉक्टर असतात. शिवाय मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्ती, काळजीवाहक किंवा स्वयंसेवी संस्था यांच्यासाठीही दोन जागा आहेत. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल केलेल्या (कलम ८९) रुग्णाने आव्हान दिल्यास सात दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

स्वतः बोलता येते?
होय. रुग्णाला तोंडी साक्ष देण्याचा हक्क आहे. वकील किंवा पसंतीचा प्रतिनिधीही देता येतो आणि विधी सेवा मोफत मिळते. सुनावणी रुग्णालयातच, बंद दाराआड होते. अध्यक्षांची आणि रुग्णाची संमती असल्यास आणखी कोणी सोबत बसू शकते.

सोबत्याने काय करायचे?
कागदपत्रे सोप्या मराठीत समजावायची, मुद्दे आधी लिहून घ्यायचे, औषधाची गुंगी असेल तर थोडा वेळ मागायचा. ‘त्याच्या भल्यासाठी’ म्हणून स्वतःचे मत पुढे करायचे नाही. रुग्णाला घरी जायचे असेल आणि सोबत्याला ते पटत नसेल, तरी मंडळापुढे रुग्णाचेच म्हणणे जायला हवे. निर्णय मंडळ देईल.

मात्र अर्ज करता येतो हेच वॉर्डात कोणी सांगितले नाही, तर हा हक्क कागदावरच राहील. ती माहिती दाखल करतानाच द्यायला हवी. आणि सुनावणीतला पहिला प्रश्न रुग्णालाच विचारायला हवा.