हुकूमनामा हाती, पैसे कुठे?

जनाज्याची नमाज उभी राहण्याआधी आमच्याकडे मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, ‘यांच्याकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला भेटा.’ देणं माणसाच्या मागे कबरीपर्यंत जातं, ही त्यामागची समजूत. जिवंतपणी मात्र ते टाळता येतं, अगदी कोर्टाचा निकाल लागल्यावरसुद्धा.

आमच्या मोहल्ल्यातल्या टेलरचाचांची शिलाई एका कपडा व्यापाऱ्याने बुडवली. चाचा दावा जिंकले. त्यालाही सहा वर्षं झाली. पण हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. त्यासाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. मालमत्ता चाचांनीच शोधायची, मग जप्तीचं वॉरंट, मग बेलिफ. बेलिफ पोहोचेपर्यंत दुकान भावाच्या नावावर झालेलं! कैदेची मागणी करावी, तर देणेकऱ्याच्या जेवणखाण्याचा भत्ताही आधी धनकोनेच भरायचा. चाचा म्हणाले, “सर, म्हणजे त्याची सहरी-इफ्तारी माझ्याच खिशातून?”

कायदा देणेकऱ्याला सांभाळतो, याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं जप्त होत नाहीत. केवळ गरिबीपायी कुणाला कैदेत टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात स्पष्ट केलं. कुरआनही अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यायला सांगतं, जकातीच्या हक्कदारांत कर्जबाजाऱ्यालाही धरतं. पण ऐपत असून टाळाटाळ करणं, याला हदीसमध्ये जुलूम म्हटलं आहे.

आपल्या कोर्टांत नाडलेल्यासाठीची ही सवड नेमकी टाळणाऱ्याला मिळते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं. देणेकऱ्याकडून मालमत्तेची माहिती शपथेवर घेण्याची सोय संहितेच्या आदेश 21 मध्ये आहेच. ती पहिल्याच तारखेला का वापरू नये? धनकोने अर्ज करेपर्यंत, मग त्यावर म्हणणं येईपर्यंत कशाला थांबायचं?

कोर्टाला नावं ठेवताना थोडं घरातही पाहतो. गेल्या रमजानमध्ये याच व्यापाऱ्याच्या इफ्तारला मी गेलो होतो. शहरातले सगळेच होते, हिंदू-मुसलमान, नगरसेवक, आम्ही प्राध्यापक. खजूर उत्तम होते. यंदाही निमंत्रण आलं आहे. ‘आधी चाचांचे पैसे द्या, मग येतो,’ असं मी त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.