रॉ म्हणजे ‘खरा’ नव्हे

मागच्या वीकांताला जुनी हार्ड डिस्क आवरायला घेतली आणि आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो सापडले. आजी आता नाही. तिची ती पैठणीही कधीच कुणाला तरी देऊन झाली. फोटो सगळे रॉमध्ये काढलेले, त्यामुळे मी निर्धास्त. फाईल उघडली, पैठणी मस्त गडद दिसली... आणि दोन सेकंदांत डोळ्यांदेखत निळसर, मलूल झाली! मागे उभी असलेली आई म्हणाली, "अरे, काय केलंस? चांगला होता की फोटो."

मी काहीच केलं नव्हतं, शप्पथ.

भानगड अशी, की पहिले दोन सेकंद दिसला तो रॉ नव्हताच. कॅमेरा रॉ फायलीच्या पोटात एक तयार जेपेग ठेवून देतो आणि बरीचशी सॉफ्टवेअर्स आधी तेच दाखवतात. त्या जेपेगवर कॅमेऱ्यातल्या प्रोफाईलचे संस्कार झालेले असतात. निकॉन त्याला पिक्चर कंट्रोल म्हणतं, कॅनन पिक्चर स्टाईल, फुजी फिल्म सिम्युलेशन. मी तेव्हा ‘व्हिव्हिड’ लावून ठेवलं होतं.

मग रॉमध्ये काय असतं? रंग नसतातच हो, नुसते आकडे! सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यापैकी एकच फिल्टर असतो (निम्मे हिरवे). बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे. शिवाय त्या फिल्टर्सची नजर आणि आपल्या डोळ्यांची नजर एक नाही, त्यामुळे आकड्यांचं रंगांत भाषांतर करायला एक मॅट्रिक्स लागतं आणि तेही तडजोडीचंच. ‘व्हिव्हिड’ हा शब्द फायलीत असतो, पण आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोडमधल्या कॉमेंटसारखा. कॅमेरा कंपनीचा स्वतःचा कंपायलर ती कॉमेंट वाचतो, बाकीचे बहुतेक खुशाल पुढे जातात.

अडोबीने २००८ मध्ये कॅमेऱ्याशी मिळतीजुळती प्रोफाईल्स आणली, आणि २०२० पासून लाईटरूम क्लासिकला ‘कॅमेऱ्यातलंच सेटिंग लाव’ असं बजावताही येतं. पण ती प्रोफाईल्स म्हणजे अडोबीने बघून बघून केलेली नक्कल. रॉथेरपी तर पोटातलं जेपेग बघून त्यावरून टोन कर्व्ह जुळवतं. चकटफू सॉफ्टवेअर, पण युक्ती झकास.

माझं म्हणणं एवढंच, की ही नकला करायची वेळ यावीच का? फोटो मी काढला, कॅमेरा माझा, तर रंगांची पाककृती कंपनीच्या तिजोरीत का? २००५ साली निकॉनने डी२एक्सच्या रॉमधली व्हाईट बॅलन्सची माहितीच कूटबद्ध केली होती. फोटोशॉपच्या जनकांपैकी एक, थॉमस नोल, यांनी त्यावर जाहीर तक्रार केली आणि डीसीरॉ लिहिणाऱ्या डेव्ह कॉफिनने ते कुलूप उघडलं. कुलूप उघडणारा दरवेळी भेटेलच असं नाही. कंपन्यांची सॉफ्टवेअर्स बंद पडतात, फोटो मात्र पन्नास वर्षं टिकवायचे असतात.

आणि दोष आपलाही आहे. "मी रॉ काढतो" हे आपण "मी खरं काढतो" अशा थाटात सांगतो. रॉ खरा नसतो, तो कच्चा असतो. शिधा आणि जेवण यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

म्हणून आता मी रॉ आणि जेपेग दोन्ही ठेवतो. जुन्या फायलींतली जेपेगं एक्झिफटूलने बाहेर काढून घेतली. आणि जे फोटो जिवाभावाचे, ते रंग लावून, पक्के करून वेगळे साठवतो.

पैठणीचं काय झालं? आईला शेजारी बसवलं. ती म्हणाली, "आधीचा भडक होता, हा मेलेला आहे. वांगी रंगाची होती रे ती." मग तासभर स्लायडर पुढेमागे. शेवटी एका जागी ती काही बोललीच नाही, नुसती बघत राहिली.

तिथेच सेव्ह केलं. कॅमेरा आणि सॉफ्टवेअर, दोघांनाही न विचारता.