फोन उचलणाऱ्याने आधी ठिकाण सांगावे

१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने शासन निर्णय काढला आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी फोन उचलल्यावर ‘हॅलो’ न म्हणता ‘वंदे मातरम्’ म्हणावे, असे सांगितले. दुसऱ्याच दिवशी, गांधी जयंतीला, वर्ध्यात या मोहिमेचा आरंभ झाला. सांस्कृतिक कार्य खाते हाती येताच सुधीर मुनगंटीवार यांनी ऑगस्टमध्ये ही घोषणा केली होती आणि वाद तेव्हापासूनच पेटला होता. रझा अकादमीने आक्षेप घेतला. काँग्रेसकडून ‘जय बळीराजा’ आले, संभाजी ब्रिगेडकडून ‘जय जिजाऊ’. सक्ती नाही, असा खुलासाही झाला. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य करून टाकली, ती अशी की फोनवरच्या पहिल्या शब्दाने बोलणाऱ्याची निष्ठा कळावी. भांडण फक्त कोणती निष्ठा, एवढ्यापुरते उरले. माझा विरोध त्या मान्य करून टाकलेल्या गोष्टीलाच आहे. फोनवरचा पहिला शब्द पलीकडच्या माणसासाठी असतो. त्याला त्या क्षणी एकच हवे असते, आपण योग्य ठिकाणी पोचलो की नाही हे कळणे. म्हणून सार्वजनिक कामाचा फोन उचलणाऱ्याने आधी कार्यालय, मग विभाग आणि मग स्वतःचे नाव सांगावे. त्याआधी ‘हॅलो’ म्हणावे की ‘नमस्कार’, याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही.

‘हॅलो’वरचा मुख्य आरोप असा की तो शब्द परका आहे, त्याला काही अर्थ नाही आणि त्यातून जिव्हाळा व्यक्त होत नाही. परका आहे हे खरे. पण त्याला अर्थ नाही हीच त्याची उपयुक्तता आहे, हे त्याचा इतिहास पाहिला की लक्षात येते. दूरध्वनी नवा असताना तार सतत जोडलेली असे, आणि पलीकडच्या माणसाचे लक्ष वेधायचे कसे हा प्रश्न होता. १५ ऑगस्ट १८७७ रोजी थॉमस एडिसनने पिट्सबर्गच्या तार कंपनीच्या अध्यक्षाला पत्र लिहून कळवले की वेगळ्या घंटेची गरज नाही, मोठ्याने ‘हॅलो’ म्हटले की दहा-वीस फुटांवरूनही ऐकू जाते. ग्रॅहम बेलला स्वतःला ‘अहॉय’ ही खलाशांची हाक पसंत होती. (मार्गारेट हॅलो नावाच्या प्रेयसीच्या आठवणीत बेलने हा शब्द रूढ केला, ही मोबाइलवर फिरणारी गोष्ट निव्वळ बनावट आहे. बेलचे लग्न १८७७ मध्येच मेबल हबर्डशी झाले होते आणि ‘हॅलो’ मुळात त्याचा शब्दच नव्हता.) म्हणजे हा शब्द आला तो आवाज पोचतो का हे पाहायला. इटलीत त्यासाठी ‘प्रोंतो’ म्हणतात, जपानमध्ये ‘मोशी मोशी’, आणि जर्मनीत तर घरचा फोन उचलणाराही आपले आडनाव सांगतो अशी जुनी रीत आहे. या चालीरीतींत एकच गरज दिसते. तार जुळली का, आणि पलीकडे कोण आहे? ‘हॅलो’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, दुसऱ्याचे देत नाही. त्याचे खरे उणे हे आहे, आणि ‘वंदे मातरम्’ म्हटल्याने ते भरून निघत नाही.

यावर उत्तर येईल की राष्ट्रगीताच्या बरोबरीचा मान ज्याला संविधान सभेत २४ जानेवारी १९५० रोजी मिळाला, ते गीत दिवसातून दहा वेळा तोंडी आले तर बिघडले कुठे? बिघडते ते गीताचेच. ज्या शब्दांसाठी वंगभंगाच्या काळात तरुणांनी लाठ्या खाल्ल्या, ते शब्द ‘साहेब जागेवर नाहीत’ आणि ‘उद्या फोन करा’ या वाक्यांना जोडले गेले की घासले जातात. ज्या वाक्यात नागरिकाला नकार मिळणार आहे, त्या वाक्याची सुरुवात देशाला वंदन करून करणे मला देशाचा मान वाटत नाही. ज्यांना या गीतावर मनापासून प्रेम आहे त्यांनीच या वापराला आधी हरकत घ्यायला हवी होती. शिवाय सांगून म्हटलेल्या अभिवादनात म्हणणाऱ्याचे मन किती असते, हा प्रश्न उरतोच.

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात तर अभिवादनांची श्रीमंती इतकी आहे की कोणत्याही एका घोषणेने ती झाकता येत नाही. आगरी-कोळी गावांतल्या वारकरी घरांत फोन ‘राम कृष्ण हरी’ने उचलला जातो. याच परंपरेतल्या सावळाराम महाराजांचे नाव डोंबिवलीच्या क्रीडासंकुलाला आहे. वस्त्यावस्त्यांत ‘जय भीम’ आहे आणि त्यामागे माणूस म्हणून उभे राहण्याचा इतिहास आहे. मुंब्रा-कौशात सलाम आहे, उल्हासनगरच्या सिंधी पेढीवर ‘झुलेलाल’, कापडाच्या दुकानात ‘जय जिनेंद्र’. ‘जय महाराष्ट्र’ तर ठाण्याच्या अंगवळणीच पडलेले. १९६७ मध्ये शिवसेनेला पहिली सत्ता मिळाली ती याच शहराच्या नगरपालिकेत. ही सगळी अभिवादने खरी आहेत, कारण ती ओळखीच्या माणसांत, आपल्या माणसासाठी उच्चारली जातात. ‘जय भीम’ म्हटल्यावर पलीकडून ‘जय भीम’ येते, तेव्हा दोघांमधले अंतर एका क्षणात मिटते. ती कुणी सोडावीत असे मी अजिबात म्हणत नाही. पण प्रभाग कार्यालयाचा फोन या सगळ्यांचा आहे. तिथे एका गटाची खूण उच्चारली की दुसऱ्याच्या मनात पहिल्याच सेकंदाला शंका येते की हे आपले काम करतील का? पालिकेच्या फोनवर ही शंका निर्माण होण्याचे काही कारण नाही.

पोलीस ‘जय हिंद’ म्हणतात, मग इतरांनी का म्हणू नये, असाही युक्तिवाद होतो. गणवेशातल्या दलाची आपसातली रीत वेगळी, कारण तिथे अभिवादन हा शिस्तीचा भाग असतो. आणि पोलीस ठाण्याच्या फोनवर नागरिकाला धीर येतो तो ‘जय हिंद’मुळे नव्हे. त्यापुढे पोलीस ठाण्याचे नाव आणि ‘ठाणे अंमलदार बोलतोय’ असे येते, तेव्हा तो तक्रार सांगायला लागतो. हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे.

आता ठिकाण सांगण्याचा आग्रह ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातच एवढा का, ते सांगतो. मुंबईच्या उत्तरेचा हा पट्टा हद्दींनी चिरलेला आहे. लँडलाइनचेच पाहा. ठाण्याला मुंबईचा ०२२, डोंबिवली-कल्याणला ०२५१. वीज महावितरणची, पण भिवंडीत २००७ पासून आणि शीळ-मुंब्रा-कळव्यात मार्च २०२० पासून वितरण टोरंटकडे. डोंबिवलीच्या निवासी विभागात पाणी एमआयडीसीचे, शेजारच्या सोसायटीत महापालिकेचे. २७ गावे २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, त्यातली अठरा २०२० मध्ये वगळली गेली आणि त्याच वर्षाअखेरीस उच्च न्यायालयाने ते वगळणे रद्द केले. म्हणजे एकाच घराने गटाराची तक्रार कुणाकडे करायची, याचे उत्तर एका वर्षात दोनदा बदलले. कल्याण-शीळ रस्त्याला लागलेल्या गल्लीतला खड्डा पालिकेचा, आणि मुख्य रस्त्यावरचा रस्ते विकास महामंडळाचा. डोंबिवली स्थानकात मोबाइल हिसकावला तर लोहमार्ग पोलीस, रेल्वेच्या मालमत्तेचा प्रश्न असेल तर रेल्वे सुरक्षा दल, आणि जिना उतरून रिक्षा स्टँडवर आलात की शहर पोलीस. या भागातल्या माणसाने सरकारी फोनवर सर्वात जास्त वेळा ऐकलेले वाक्य ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे आहे. अशा ठिकाणी फोन उचलणारा कोण आहे, हे संभाषणाच्या शेवटी कळणे म्हणजे ते सगळे संभाषण वाया जाणे.

ते वाया कसे जाते, हे कोणत्याही अशा फोनवर ऐकता येते. पलीकडून येते, ‘हॅलो.’ नागरिक विचारतो, ‘पाणीखातं का?’ उत्तर, ‘तुम्हाला कोण पाहिजे?’ तो सांगतो, दोन दिवस पाणी नाही, खालच्या मजल्यावर म्हाताऱ्या बाई एकट्या आहेत, टँकरवाला पैसे जास्त मागतो. पलीकडचा मधेच विचारतो, ‘कुठून बोलताय?’ पत्ता सांगितला जातो. मग थोडी शांतता, आणि ‘तुमचं एमआयडीसीकडे येतं, तिकडे लावा.’ कोणता नंबर, हे विचारायच्या आत फोन ठेवलेला असतो. पाच मिनिटे गेली, गाऱ्हाणे एकदा सांगून झाले, आणि ते कुणाला सांगितले हेही कळले नाही. उद्या पाठपुरावा करायचा तर ‘काल एक साहेब बोलले होते’ यापलीकडे हातात काही नाही. हाच फोन ‘नमस्कार, महापालिका पाणीपुरवठा, अमुक प्रभाग, मी अमुक बोलतो’ असा उचलला गेला, तर नागरिक पहिलाच प्रश्न विचारील की निवासी विभाग तुमच्याकडे येतो का? अर्ध्या मिनिटात दोघांचे काम होते. वेळ कर्मचाऱ्याचाही वाचतो, हे विसरले जाते. दिवसभर चुकीच्या हद्दीतल्या तक्रारी शेवटपर्यंत ऐकत बसावे लागणे, हा त्याच्याही जिवाला त्रासच आहे.

यावर सर्वात गंभीर हरकत कर्मचाऱ्यांची असेल आणि ती मी हलक्यात घेत नाही. नाव सांगितले की तक्रारीत नाव येते, नगरसेवकाच्या फोनमध्ये नाव येते, समाजमाध्यमावर ध्वनिमुद्रण फिरते, आणि पाणी न येण्यात ज्याचा काही दोष नाही अशा कारकुनाला शिव्या खाव्या लागतात. ही भीती खरी आहे. पण माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे. दारावर पाटी असते, टेबलावर नावाची पट्टी असते, ओळखपत्र दर्शनी भागावर लावण्याच्या सूचना निघतच असतात. म्हणजे समोर आलेल्या नागरिकाला जे नाव कळते, तेच फोनवरच्या नागरिकापासून लपवायचे कारण उरत नाही. जो दिवाहून रजा टाकून ठाण्याला येऊ शकतो त्याला नाव मिळते, आणि जो कामावरून फोनच करू शकतो त्याला मिळत नाही, हा भेद अन्यायाचा आहे. तरीही भीती असेल, तर पूर्ण नाव नको, आडनाव आणि पद पुरेल, किंवा नुसते पद आणि तक्रार क्रमांक. विभाग आणि प्रभाग मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तिथे व्यक्तीच्या सुरक्षिततेचा प्रश्नच येत नाही. आणि शिवीगाळ करणाऱ्याचा फोन बंद करण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असावा, हेही मी त्याच श्वासात मागतो.

दुसरी हरकत फसवणुकीची. आज अनोळखी फोनवर नाव सांगणे धोक्याचे झाले आहे. पोलिसांच्या नावाने ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन ज्येष्ठांना लुबाडणारे लोक आधी नावच वदवून घेतात. मग मी सगळ्यांना नाव सांगायला कसे म्हणतो? मी सगळ्यांना म्हणतच नाही. घरचा माणूस आणि सार्वजनिक कामावरचा माणूस यांची कर्तव्ये उलट आहेत. घरच्या फोनवर ओळख द्यायची ती फोन करणाऱ्याने. उचलणाऱ्याने ‘हॅलो’ म्हणून थांबावे, ‘हं, बोला’ म्हणावे, आणि समोरचा कोण आहे हे नीट कळेपर्यंत एक अक्षर जास्त सांगू नये. ‘ओळखलं का?’ असे विचारणाऱ्याला ‘नाही, नाव सांगा’ म्हणण्यात काहीही उद्धटपणा नाही. ही सवय आजी-आजोबांना लावणे आज निकडीचे आहे. उलट कार्यालय, दवाखाना, शाळा, बँक, औषधांचे दुकान यांनी फोन उचलला की ओळख त्यांनी द्यायची, कारण तो नंबर त्यांनीच लोकांना दिलेला असतो. खऱ्या संस्था ठिकाण, विभाग आणि पद ठामपणे सांगू लागल्या, तर गुळमुळीत बोलणारा भामटा वेगळा ओळखू येण्याची शक्यताही वाढेल. भामटेही अशी वाक्ये पाठ करतील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पैशाचे किंवा ओटीपीचे काहीही असेल तर फोन ठेवून अधिकृत नंबरवर आपण उलट फोन लावावा, ही जोड हवीच.

फोनवर कसे बोलावे यात शासनाला लक्ष घालायचे नाही असेही नाही. जुलै २०२१ मध्ये मोबाइलच्या वापराबाबत सूचना काढताना कार्यालयीन कामासाठी शक्यतो लँडलाइन वापरा, हळू आवाजात, सौजन्याने बोला, असे शासनानेच सांगितले होते. त्यातच लोकप्रतिनिधी आणि वरिष्ठ अधिकारी यांच्या फोनला विलंब न लावता उत्तर द्या, असेही होते. आमदाराचा नंबर कर्मचारी ओळखतो, आमदारही त्याला ओळखतो. ओळख सांगण्याची गरज आहे ती ज्याला कुणी ओळखत नाही त्या माणसाला, आणि तो कोणत्याही सूचनेत ठळकपणे आला नाही. एका शब्दावर २०२२ मध्ये जेवढी शक्ती खर्च झाली, तेवढी या नागरिकासाठी झाली असती तर आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या प्रत्येक प्रभाग कार्यालयात फोन उचलण्याची एकच रीत पडली असती.

कंत्राटी ऑपरेटरला हद्दी कुठून ठाऊक असणार, असे कुणी म्हणेल. त्याला त्या पाठ असण्याची गरज नाही. फोनशेजारी एक कागद चिकटवावा. वर उचलताना म्हणायचे वाक्य, त्या प्रभागाच्या नावासह. खाली लागून असलेल्या संस्थांचे नंबर: महावितरण किंवा टोरंट, एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ, लोहमार्ग पोलीस, शेजारचा प्रभाग. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणायचे असेल तेव्हा कुणाच्या हद्दीत येते ते आणि तिथला नंबर सांगूनच फोन ठेवायचा, ही अट त्याच कागदावर शेवटच्या ओळीत लिहावी. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांना यासाठी ना निविदा काढावी लागेल, ना मंत्रालयाची परवानगी.