पाण्याला विचारा, आणि किटलाही!



स्वच्छ पाणी कोणतं? "ज्यातून आरपार दिसतं ते," असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. पण ग्लासभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून पाहा. आरपार दिसतंच की! डोळ्यांना पाण्याच्या पोटातलं कळत नाही. ते कळावं म्हणून फिशटँकवाले टेस्ट किट वापरतात. आज त्याचीच गोष्ट.

माझी बहीण अमेरिकेत, न्यू जर्सीला राहते. तिचा मुलगा आठवीत आहे. त्याच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचपेटी आहे. तीत दोन नारिंगी क्लाऊनफिश आणि चक्क जिवंत प्रवाळ! समुद्रातून तोडून आणलेलं नाही बरं का. तिथले हौशी लोक पेटीत वाढलेल्या प्रवाळाची बोटभर फांदी कापतात, दगडाला चिकटवतात, आणि ती वाढू लागते. आपण गुलाबाची फांदी लावतो ना, तसंच.

गेल्या वर्षी मी तिकडे गेलो, तेव्हा स्वारी हिरमुसली होती. "मामा, माझं जांभळं प्रवाळ खालून पांढरं पडत चाललंय. पण पाणी एकदम ठीक आहे. हे बघ!" त्यानं वही पुढे केली. वहीत ओळीनं लिहिलेलं : अल्कलिनिटी ८, ८, ८.

आता ही अल्कलिनिटी काय भानगड? तर पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. समुद्रात ती मुख्यतः बायकार्बोनेट आणि कार्बोनेट यांच्यामुळे येते. प्रवाळ म्हणजे हजारो चिमुकल्या जिवांची वसाहत. ते आपलं घर कॅल्शियम कार्बोनेटचं बांधतात. त्यासाठी पाण्यातून कॅल्शियम घेतात आणि कार्बोनेटही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतं सुमारे ४०० ते ४२० मिलिग्रॅम, म्हणजे कोठी भरलेली. अल्कलिनिटी मात्र असते जेमतेम ७ डीकेएच. (डीकेएच हे तिचं माप.) प्रवाळानं लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरलं, तर अल्कलिनिटी २.८ नं उतरते. कॅल्शियम ४२० चं ४०० झालं, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. अल्कलिनिटी मात्र ७ वरून ४ च्या आसपास येते! घरात गव्हाची कोठी महिन्यातून एकदा पाहिली तरी चालते, मिठाची लहानशी बरणी रोजच्या रोज पाहावी लागते. म्हणून प्रवाळ पाळणारे अल्कलिनिटी सगळ्यात जास्त वेळा तपासतात.

भाच्याचा आकडा ८, म्हणजे उत्तम. मग प्रवाळ का मरतंय? मी विचारलं, "हे किट खरं बोलतंय कशावरून?"

तो गप्प. पाण्याची परीक्षा घेणाऱ्याची परीक्षा कोणी घेतली नव्हती.

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. बहिणीकडून खाण्याचा सोडा मागितला. (बेकिंग पावडर नव्हे, ती वेगळी.) वजनकाट्यावर बरोबर ३ ग्रॅम सोडा मोजून एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवला. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन त्यात आणखी ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घातलं. म्हणजे आता एका लिटरमध्ये ०.३ ग्रॅम सोडा. अशा पाण्याची अल्कलिनिटी हिशेबानं १० येते. उत्तर आधीच माहीत असलेलं गणित आम्ही किटला घातलं!

त्याचं किट थेंब मोजण्याचं होतं. नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यायचं. एकेक थेंब औषध टाकून हलवायचं. निळा रंग पिवळा झाला की थांबायचं. जितके थेंब, तितके डीकेएच. भाचा मोजू लागला. आठ, नऊ, दहा. निळंच! अकरा, बारा, तेरा... चौदाव्या थेंबाला पिवळं झालं.

दहाच्या जागी चौदा. मग त्याच्या वहीतल्या आठचा खरा अर्थ काय? त्रैराशिक मांडा : ८ गुणिले १० भागिले १४. उत्तर ५.७! पाणी ठीक नव्हतंच.

चूक कुठे झाली ते बाटली उलटी केल्यावर कळलं. बुडाशी छापलेली मुदत केव्हाच संपून गेली होती. एका ओळखीच्या मुलानं हौस सोडली, तेव्हा त्याचा सगळा डबा याला फुकट मिळाला होता. शिवाय हा बाटली तिरकी धरत होता. तिरक्या बाटलीतून थेंब लहान पडतात, म्हणून जास्त लागतात. फुकटचं किट आणि घाईचा हात, दोन्ही मिळून प्रवाळाला महाग पडले.

नवं किट आणलं, बाटली सरळ उभी धरली. सोड्याच्या पाण्याला दहा थेंब, आणि पेटीतल्या पाण्याला फक्त सहा! मग रोज थोडी थोडी करत, दिवसाला एकाहून जास्त नाही अशा बेतानं अल्कलिनिटी वाढवली. एकदम वाढवली तर प्रवाळाला तोही धक्काच. एक फांदी गेलीच. बाकीच्या वाचल्या. परवा त्यानं फोटो पाठवला, टोकांना नवा जांभळा रंग चढलाय.

तर किट निवडायचं कसं? आईबाबांनीही हे वाचावं, कारण पैसे त्यांचे जाणार आहेत!

पहिलं म्हणजे सगळं एकदम घेऊ नका. खाऱ्या पेटीला आधी खारेपणा मोजायचं साधन हवं, कारण एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पेटीतही तेवढेच लागतात. पेटी नवी असेल तर अमोनिया आणि नायट्राइट तपासा. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. ही जिवाणूंची फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, तोवर पेटीत मासे कोंबू नयेत. प्रवाळ आलं की अल्कलिनिटी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शिवाय नायट्रेट आणि फॉस्फेट.

दुसरं, डब्यावरची अक्षरं वाचा. किट खाऱ्या पाण्याला चालतं का? गोड्या पाण्याची सामू मोजणारी काही किटं ७.६ पर्यंतच जातात. समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास. म्हणजे ते किट कायम शेवटचाच रंग दाखवणार! फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली ठेवायचं, आणि किटची पहिलीच पायरी ०.२५ ची असेल, तर ते काय कामाचं? गुंजभर सोनं कोणी धान्याच्या काट्यावर तोलतं का?

तिसरं, मुदत पाहा, आणि एका डब्यात किती तपासण्या होतात तेही पाहा. डब्याच्या किमतीला त्या आकड्यानं भागा. स्वस्त कोणतं ते तेव्हा कळेल.

चौथं, आपले डोळे ओळखा. पट्टी बुडवून रंग पाहायचा ही सर्वांत झटपट रीत, पण अंदाजापुरतीच. नळीतला रंग तक्त्याशी जुळवायचा असेल, तर दिवसाच्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून जुळवा. काहींना लाल-हिरवा भेद नीट कळत नाही, त्यात कमीपणा मुळीच नाही. त्यांनी रंग मोजून थेट आकडा सांगणारं यंत्र घ्यावं. ते महाग असतं खरं.

आणि जपून! काही औषधांत तीव्र आम्लं असतात. मोठं माणूस जवळ असावं. लहान भावंडांच्या हाती डबा लागू देऊ नका. तपासलेलं पाणी पेटीत परत ओतू नका.

आपल्याकडे मात्र समुद्रातलं प्रवाळ घरी आणायचं मनातही आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या परिशिष्टात २००१ साली खडक बांधणारं प्रवाळ आलं, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसलं. मालवणला समुद्रात दिसलं तर डोळे भरून पाहा, हात लावू नका.

पण तुमच्या घरी गोड्या पाण्यातले गप्पी तर असतील? त्यांच्या पेटीला अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू एवढी किटं पुरतात. वही घाला, तारीख टाका, आकडा लिहा. आणि वहीतला आकडा एक सांगत असेल, मासा दुसरंच सांगत असेल, तर आधी माशावर विश्वास ठेवा. मग किटची परीक्षा घ्या!