फावल्या वेळाचे दुखणे

क्रोशाकामाला आपण ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणतो आणि तिथेच विणणारीच्या मनगटदुखीची दखल घेणे नाकारतो. आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांविषयीच्या मारिया मीस यांच्या १९८२ च्या ग्रंथाने दाखवून दिले, की ‘गृहिणी’ या बिरुदाआड बाजारासाठीचे श्रमही अदृश्य होतात. श्रमच दिसत नसतील, तर वेदना कोठून दिसणार?

मनगटातील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला गेला, की अंगठा व शेजारची बोटे बधिर होतात. जाड मुठीची सुई, सैल टाका, सरळ मनगट, अधूनमधून विसावा. बधिरपणा टिकला तर वैद्यकीय सल्ला. उपाय साधेच आहेत. परंतु विसावा मागायचा, तर आधी ते काम आहे हे घराने मान्य करावे लागते. कलाकुसर वाखाणणाऱ्या समीक्षेनेही टाक्यांइतकेच हातांकडे पाहावे.