आधी बेत, मग खेळी

भौतिकशास्त्राचे एखादे उदाहरण फळ्यावर लिहिले, की वर्गातून बहुधा पहिला प्रश्न येतो, "सर, सूत्र कोणते वापरायचे?" आपल्याला पोचायचे कोठे आहे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आधी सूत्र आणि मग उद्दिष्ट, अशी उलटी सवय विद्यार्थ्यांना लागते ती आपल्या शिकवण्याच्या पद्धतीमुळेच, असे माझे मत आहे. ते पटवून देण्यासाठी मी उदाहरण घेणार आहे ते प्रयोगशाळेतले नव्हे, बुद्धिबळाच्या पटावरचे.

बुद्धिबळात डावाच्या अखेरीस पटावर राजे, एकेक हत्ती आणि थोडी प्यादी उरली, की खेळ सोपा झाला असे नवशिक्याला वाटते. जाणकार मात्र अशा वेळी सावध होतात. हत्ती पटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एका खेळीत जातो आणि मागून, बाजूने शह देत राहतो. त्यामुळे एखादे प्यादे जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो, असे वारंवार घडते. अशा स्थितीत जिंकण्याचा मार्ग शोधायचा कसा?

विद्यार्थी मित्रांनो, घरात पट असेल तर तो समोर घ्या. पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे द्या आणि पांढऱ्याच्या बाजूने आडव्या ओळींना १ ते ८ असे क्रमांक द्या. आता पुढील स्थिती मांडा.

पांढरा : राजा एफ-३, हत्ती एच-७, प्यादी ए-४, सी-३, डी-४, एफ-४ आणि जी-५.
काळा : राजा एफ-८, हत्ती सी-६, प्यादी ए-७, बी-६, सी-७, डी-५ आणि एफ-५.

ही स्थिती १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत आली होती. पांढरी मोहरी होती क्यूबाच्या कापाब्लांकाकडे. तो त्या वेळी जगज्जेता होता. काळ्या बाजूने तार्ताकोवर हा नामांकित खेळाडू होता. पस्तिसावी खेळी पांढऱ्याची आहे. प्यादी दोघांचीही पाच-पाच, म्हणजे मोजदादीने बरोबरी. शिवाय काळ्याचा हत्ती सी-३ वरचे प्यादे शह देऊन मारण्याच्या तयारीत आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण इथे एकच विचार करतील, "प्यादे वाचवू कसे?" पण आपण घाई न करता पटाकडे नीट पाहू. पांढऱ्याजवळ काय काय आहे? त्याचा हत्ती सातव्या ओळीवर आहे. त्यामुळे काळ्या राजाला शेवटच्या ओळीतून पुढे पाऊल टाकता येत नाही. जी-५ वरच्या प्याद्याची वाट मोकळी आहे. तीन पावले गेले की त्याचा वजीर होतो. म्हणजे दोन गोष्टी जमून आल्या आहेत. तिसरी कोणती हवी?

आता डोळ्यांसमोर शेवटचे चित्र आणा. पांढरा राजा एफ-६ वर आणि प्यादे जी-६ वर असेल, तर हत्ती एच-८ वर येताच काळ्या राजाला मात होते! एफ-८ वरच्या काळ्या राजाला पळायला एकही घर उरत नाही, हे स्वतः पडताळून पाहा. म्हणजे उणीव आहे ती फक्त राजाची. पांढऱ्या राजाला एफ-३ वरून एफ-६ वर न्यायचे आहे. सरळ वाट बंद आहे, कारण एफ-४ वर स्वतःचे आणि एफ-५ वर शत्रूचे प्यादे आहे. तेव्हा वळसा घालायचा : जी-३, एच-४, जी-५, एफ-६. जी-५ वर आपलेच प्यादे उभे आहे. ते आधी जी-६ वर सरकवायचे. राजाच्या चार आणि प्याद्याची एक, अशा पाच खेळ्यांचा हा बेत झाला.

कापाब्लांकाने नेमके हेच केले. ३५व्या खेळीला त्याने राजा जी-३ वर नेला. काळ्याने सी-३ चे प्यादे शह देऊन मारले. राजा एच-४ वर गेला. काळा हत्ती एफ-३ वर आला. पांढऱ्याने प्यादे जी-६ वर सरकवले. काळ्याने एफ-४ चे प्यादेही शह देऊन मारले. राजा जी-५ वर चढला. काळा हत्ती ई-४ वर गेला आणि ३९व्या खेळीला पांढरा राजा एफ-६ वर पोचला. या वेळी पांढऱ्याची प्यादी तीन आणि काळ्याची पाच होती. तरीही अडचणीत होता तो काळाच!

शेवटच्या पावलात आणखी एक बारकावा आहे. वाटेत एफ-५ वरचे काळे प्यादे राजाला सहज मारता आले असते. त्याने ते मारले नाही. का? ते प्यादे एफ पट्टीवर उभे असल्यामुळे काळ्या हत्तीला त्या पट्टीवरून पांढऱ्या राजाला शह देता येत नव्हता. शत्रूचेच प्यादे राजाची छत्री बनले होते. ते मारणे म्हणजे भर पावसात आपल्या डोक्यावरची छत्री फेकून देणे. पुढे मातीचे भय दाखवत पांढऱ्याने सी-७, एफ-५, ए-७ आणि डी-५ अशी चार प्यादी एकेक करून टिपली. ५२व्या खेळीनंतर काळ्याने डाव सोडला.

कापाब्लांकाने येथे काय केले? मोजायला सोपी असलेली राशी, म्हणजे प्याद्यांची संख्या, त्याने बाजूला ठेवली आणि परिणाम ठरवणाऱ्या गोष्टीकडे लक्ष दिले. भौतिकशास्त्रातही असेच करावे लागते. वाकड्यातिकड्या गुळगुळीत घसरगुंडीवरून मूल खाली येते तेव्हा त्याचा वेग किती, असे विचारले तर वाटेतल्या प्रत्येक वळणावरचे बल शोधत बसणारा विद्यार्थी थकून जातो. सुरुवातीची आणि शेवटची स्थिती पाहणारा विद्यार्थी ऊर्जेच्या अक्षय्यतेने दोन ओळींत उत्तर काढतो. दोघांनाही सूत्रे सारखीच पाठ असतात. फरक असतो तो बेताचा.

यावर कोणी म्हणेल, "आता संगणक असताना बेत हवा कशाला?" हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. दोन्ही राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या जवळजवळ सर्व स्थितींची अचूक कोष्टके मॉस्को विद्यापीठातील संगणकावर २०१२ साली तयार झाली. ती तयार करण्याची रीत लक्षात घ्या. आधी मात झालेली स्थिती घ्यायची आणि तेथून उलट पावली एकेक खेळी मागे यायचे. म्हणजे संगणकानेही सुरुवात शेवटापासूनच केली! पण कोष्टक सांगते ते "ही खेळी करा, इतक्या खेळ्यांत जिंकाल" एवढेच. का, ते सांगत नाही. शिवाय आपल्या या स्थितीत दोन्ही बाजूंची मिळून चौदा मोहरी आहेत, म्हणजे ती कोष्टकात सापडणार नाही. संगणकाच्या इतर प्रणाली अशा स्थितीतही उत्तम खेळी क्षणात सुचवतात, हे खरे. पण उत्तर मिळाले म्हणून समज येते असे नाही. उद्या पटावरचे एक प्यादे एक घर सरकले, की उसनी घेतलेली खेळी निरुपयोगी होते. समजून घेतलेला बेत मात्र नव्या स्थितीत तपासून बदलता येतो.

पाठांतर मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. राजा एफ-६ वर आल्यावर मात होते, हे चित्र ज्याला ठाऊक नाही, त्याला हा बेत सुचणारच नाही. प्रश्न आहे तो पाठ काय करायचे, हा. कापाब्लांकाचे 'चेस फंडामेंटल्स' हे पुस्तक १९२१ साली निघाले. त्याचे पहिले प्रकरण सोप्या माता आणि प्याद्यांचे साधे शेवट यांनी सुरू होते. डावाच्या आरंभीच्या खेळ्यांची लांबलचक यादी घोकण्याआधी डाव संपतो कसा, हे त्याला शिकवायचे होते. आपण मात्र मुलांकडून उदाहरणाच्या पायऱ्या घोकून घेतो आणि त्या कोठे नेणार आहेत, हे शेवटी सांगतो, किंवा सांगतच नाही.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना माझी एक सूचना आहे. पाच गुणांच्या उदाहरणातील एक गुण बेतासाठी राखून ठेवा. आकडेमोड सुरू करण्यापूर्वी विद्यार्थ्याने दोन वाक्ये लिहावीत : मला कोठे पोचायचे आहे आणि मध्ये काय आडवे येते आहे. आकडेमोड चुकली तरी हा गुण त्याला द्यावा. अशाने तासाला दहाऐवजी सहाच उदाहरणे होतील आणि अभ्यासक्रम पुरा करण्याची ओढाताण वाढेल, हे मी जाणतो. पण न पाहिलेले उदाहरण समोर आले की हातपाय गाळणारा विद्यार्थी तयार करण्यापेक्षा ही किंमत कमी आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पट मांडलेला आहेच, तर तो लगेच आवरू नका. समजा, ३६व्या खेळीला काळ्याने हत्ती एफ-३ ऐवजी सी-१ वर नेला. पांढऱ्याने ठरल्याप्रमाणे प्यादे जी-६ वर सरकवले, तर काळ्याला एच-१ वरून शह देता येईल आणि हत्तीला हत्ती मारला जाण्याचा संभव आहे. मग पांढऱ्याचा बेत फसला काय? मोहऱ्याला हात लावण्याआधी, त्यानंतर राजे आणि प्यादी कोठे असतील ते कागदावर लिहा आणि मग ठरवा.